ठिपक्याला दिलेलं नाव

१

दुपारी इस्त्री तापत ठेवायची आणि ती तापेपर्यंत आभाळात कोण कोण आहे ते बघून घ्यायचं, हा माझा रोजचा शिरस्ता.

खाली लाँड्री, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. गच्चीत दोऱ्या, दोऱ्यांवर दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी. पाण्याच्या टाकीला तारेनं बांधलेली एक हातभर काठी, ती अँटेना. तिची वायर जिन्यातून खाली माझ्या टेबलापर्यंत येते. तिथे काडेपेटीएवढी डबी आणि डबीला जोडलेला जुना कॉम्प्युटर. वरून जाणारं प्रत्येक विमान आपला नंबर, उंची, वेग सारखं ओरडून सांगत असतं म्हणे. आपल्या कानाला येत नाही, डबीला येतं. मग पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपका, ठिपक्याशेजारी नंबर. आपण नोंद करायची, कोण आलं, कुठून आलं, कुठे गेलं. असे घरोघरी डबी लावून बसलेले लोक जगभर आहेत. रिकामटेकडे असणार बहुतेक. मी नाही. माझे हात चालू असतात, डोळा तेवढा पडद्यावर.

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं भिंगरीनं शिकवली, तीही विमानाच्या नंबरात येतात तेवढीच. बाकीची मला आजही येत नाहीत आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

भिंगरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही नुकती धरून धरून चालायला लागली होती. माझा नवरा त्याआधीच गेला होता. मेला नव्हता, गेला होता. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. मोठी झाली आणि गावाबाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमान चालवायला शिकायला लागली. लोक म्हणाले, लाँड्रीवालीची पोर विमान चालवणार! मी म्हटलं, हो, आणि तुमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवरून नेणार.

डबी तिनंच लावून दिली. "तू दिवसभर आभाळाकडे बघून मान मोडून घेतेस मावशी, त्यापेक्षा हे बघ."

पडद्यावर ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव लिहायला जागा येते. हे विमान कसलं, कुणाचं, ते तिथे लिहायचं असतं. भिंगरीच्या विमानाच्या ठिपक्याला मी 'भिंगरी' असं लिहिलं.

ती खो खो हसली. "अगं, हा विमानाचा नंबर आहे. माझा नाही. विमान शाळेचं. उद्या दुसरं कुणी उडवेल, मग?"

"कशाला उडवेल? तुला दिलंय ना?"

"मला माझ्या पाळीपुरतं दिलंय."

"गप. मला कळतंय तेवढं बास आहे."

ती आमच्या दुकानावर आली की एक फेरी मारायची आणि मगच पुढे जायची. पडद्यावर बांगडी उमटायची. मी बाहेर येऊन ओला हात हलवायची. तिला वरून काय दिसणार कपाळ, पण मी हलवायची. मग आत येऊन लिहायचं, 'भिंगरी आली, भिंगरी गेली.' अशा सगळ्या नोंदी.

२

त्या दिवशी तिला सुट्टी होती. माझ्यासमोर स्टुलावर बसून शर्टाचं बटण लावत होती. दोरा दातात. मी उशांचे अभ्रे करत होते.

आणि पडद्यावर भिंगरी उडाली.

मी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे.

"अगं, तू इथेयस आणि तू वर चाललीयस."

ती उठून आली. ठिपका धावपट्टीवरून निघून आमच्याच दिशेनं येत होता. नंबर तोच. मी तिला तो एकेक अक्षर वाचून दाखवला, तर म्हणाली, "मला वाचता येतं मावशी." पण आवाजात नेहमीची मस्ती नव्हती. तिनं शाळेच्या मेकॅनिकला फोन लावला.

"आमचं विमान कुठेय?"

"इथेच," तो म्हणाला. "चाक काढलंय आणि मी त्याच्या पोटाखाली पडलोय. का, पळून गेलं की काय?"

ती हसली. "बघ. दुसऱ्या कुणीतरी आपल्या विमानात चुकीचा नंबर घातला असणार. होतं असं. माणसं काय कमी गाढव असतात?"

ठिपका दुकानावर आला तेव्हा मी बाहेर धावले. छोटं विमान इतकं खाली आलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, दुकानाची काच थरथरते. काच गप्प होती. आभाळात एक घार होती आणि तीही लांब.

ठिपका दुकानावरून सरळ गेला. फेरी मारली नाही.

हे मी तेव्हा बघितलं. डोळ्यांनी बघितलं. डोक्यानं बघितलं नाही.

पुढे तो तळ्यावर गेला. तिथे उंचीचा आकडा उतरायला लागला. हजारांचे शेकडे झाले, शेकड्यांचे दहा-वीस झाले आणि ठिपका पाण्याच्या निळ्या रंगावर राखाडी होऊन विझला.

भिंगरी परत बटण लावायला बसली होती. मी नोंद केली. काय करणार, सवय. 'भिंगरी गेली' असं लिहिलं आणि लगेच हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

३

मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. डाग दिसला तर तो कशाचा ते शोधायचं आणि काढायचं, हा माझा धंदा. म्हणून मी शोधलं.

दुसऱ्यांदा तो ठिपका आला तेव्हा विमान शाळेच्या अंगणात धुवायला काढलं होतं. भिंगरी त्याच्या पंखावर पाणी मारत होती आणि हे मला तिनंच फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मग वर काय आहे?" ती म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर म्हातारा झालाय मावशी. म्हाताऱ्यांना भास होतात."

तिसऱ्यांदा मी वायरच उपटली. हा डाव अगदी बिनचूक होता. कान कापल्यावर ऐकू कसं येणार? पडद्यावरची सगळी विमानं एकामागून एक राखाडी झाली, विझली. मोठी, लांबची, कुठल्या कुठल्या देशांची, सगळी. भिंगरी तेवढी चालत राहिली. दुकानावरून सरळ. तळ्यावर. खाली, खाली, खाली.

मी वायर हातात धरून बसले होते. वायर कोमट होती. आता वायर असते कोमट, त्यात काय? दिवसभर चालू असते. असं मी स्वतःलाच मोठ्यांदा सांगितलं.

हेही भिंगरीला सांगितलं. ती या वेळी हसली नाही, चिडली. "मावशी, माझं पुढच्या आठवड्यात लांबचं उड्डाण आहे. एकटीचं. आधीच माझी झोप उडालीय. तू प्लीज माझ्या डोक्यात काही भरू नकोस."

मग मी बोलायचं सोडलं. तोंडाचा पट्टा चालवणारी बाई मी. गिऱ्हाइकाला, वाण्याला, भिंगरीला शिकवणाऱ्या कॅप्टनलासुद्धा तोंडावर बोलणारी. पण त्या आठवड्यात जेवढं बोलायला हवं होतं तेवढं सगळं गिळलं.

ठिपका मात्र येत राहिला. आता मला तो पाठ झाला होता. कुठे वळतो, कुठे किंचित डगमगतो, तळ्याच्या कुठल्या काठावरून आत शिरतो. डोळे मिटूनही दिसायचा.

४

लांबच्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी भिंगरी न्हाऊन खोलीत केस पुसत होती. मी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. तिचा फोन खाली दुकानात चार्जिंगला होता.

आधी तिला वाटलं दार अडकलं. मग कळलं. मग तिनं जे दार बडवलं! "मावशी, वेडी झालीस का तू? मावशी!"

मी खाली येऊन शाळेला फोन केला. म्हटलं, पोरीला ताप आहे, फणफणलीय, येत नाही. कारकून म्हणाला, "काळजी घ्या." इतकं सोपं होतं ते.

मी इस्त्रीपाशी उभी राहिले. वर दार वाजत होतं, छताचा चुना खाली पडत होता आणि खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. जिंकल्यासारखं. म्हटलं, ये आता ठिपक्या. बघू कुणाला नेतोस.

तेवढ्यात दुकानात शाईवाली आली.

ही भिंगरीच्याच बरोबरीची शिकाऊ मुलगी. पेन उघडं ठेवून खिशात घालायची, दर शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी तिला कितीदा झापलं असेल. 'तुझ्या विमानाचं तरी झाकण लावतेस ना गं?' असं म्हणायची. ती नुसती दात काढायची.

"काकू, शर्ट द्या ना पटकन. आज माझा नंबर लागला!"

"कसला नंबर?"

"भिंगरी आजारी आहे ना, तिची पाळी मला दिली. कशी आहे ती?" आणि वर मान करून म्हणाली, "काय वाजतंय हो वर?"

"सुतार आहे," मी म्हटलं. "विमान कुठलं दिलं तुला?"

"भिंगरीचंच की."

माझ्या हातात तिचा शर्ट होता. मी तो घडी करत होते. घडी अर्धी झाली होती. आता त्या अर्ध्या घडीत मी किती वेळ उभी होते मला सांगता यायचं नाही, पण त्या वेळात माझं डोकं जे म्हणालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. डोकं म्हणालं, ठिपक्याचं नाव भिंगरी आहे. तू स्वतः लिहिलंयस. भिंगरी वर कोंडलेली आहे. म्हणजे झालं. ही जाईल आणि येईल.

चौथी शिकलेलं डोकं. त्याला हवं ते उत्तर त्यानं काढलं.

मी म्हटलं, "सांभाळून जा गं."

"हो काकू!" ती म्हणाली आणि शर्ट छातीशी धरून पळाली.

५

मग ठिपका उडाला. मी सगळं आधी बघितलेलंच बघितलं.

दुकानावर आला तेव्हा या वेळी आवाज होता. काच थरथरली. मी बाहेर गेले नाही. तो सरळ गेला, फेरी न मारता. शाईवाली कशाला माझ्यावर फेरी मारेल? ती माझी कोण? फेरी मारायची ती भिंगरी. इतके दिवस तो ठिपका फेरी मारत नव्हता, तो मला ओरडून सांगत होता की आत भिंगरी नाही. आणि मी नाव वाचत बसले होते.

तळ्यावर आकडा उतरायला लागला तेव्हा मी फोन उचलला. शाळेत लावला. "विमान परत बोलवा," म्हटलं. कारकून म्हणाला, "कोण बोलतंय? का बोलवू?" मला 'का' सांगता आलं नाही. तोवर पडद्यावरचा ठिपका राखाडी झाला होता.

वर दार वाजायचं थांबलं होतं. भिंगरीनं विमानाचा आवाज ऐकला होता. तिला आपल्या विमानाचा आवाज कळतो.

मी कडी काढली तेव्हा ती दारासमोर जमिनीवर बसली होती. तिनं एकच विचारलं, "कोण गेलं?"

मी सांगितलं. मग म्हणाली, "मी नको म्हटलं तरी मला सांगत राहायचं होतंस ना. मी भांडले असते, हसले असते, पण शेवटी कॅप्टनला म्हटलं असतं, विमान जरा उघडून बघा. एवढंच केलं असतं तरी ते आज खाली राहिलं असतं."

"माझ्या ठिपक्यावर विश्वास ठेवून त्यांनी विमान उघडलं असतं होय? हसले असते."

"हसले असते तर हसले असते," ती म्हणाली.



६

विमान तळ्यातून काढलं. तुकडे शाळेच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवले. मी स्वतः जाऊन बघून आले. लोक समजले, बाई पोरीसाठी हळहळायला आली. मी ताडपत्री उचलून शेपटीवरचा नंबर वाचत होते. विमान इथे आहे, एवढी एक गोष्ट मला पक्की करून घ्यायची होती.

घरी आले तर ते पडद्यावर होतं.

आता ते तळ्याकडे जात नव्हतं. आमच्या घराभोवती फिरत होतं. बांगडी काढत होतं, पण नवशिक्याच्या हातची, वाकडीतिकडी. पहिल्यांदाच करून बघतंय असं. एक झाली की दुसरी, आणि दुसरी पहिलीच्या आत.

मी भिंगरीला शोधलं. ती गच्चीत होती. त्या दिवसांत ती तिथेच असायची, चादरींच्या मधल्या बोळात, गुडघे पोटाशी घेऊन. माझ्याशी 'हो' आणि 'नको' एवढंच बोलायची.

वारा नव्हता. आभाळ धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं कोरं. आणि चादरींवरून सावली गेली. पहिल्या दोरीवरच्या चादरीवरून दुसऱ्या दोरीवर, दुसरीवरून तिसरीवर, धूसर, पातळ, पाण्यात शाई मिसळावी तशी. दोन बाजूंना लांबट, मधे जाड. गच्ची ओलांडून गेली. मी वर बघितलं. काही नव्हतं. घारसुद्धा नव्हती.

सावली वळून परत आली. भिंगरीवर आली आणि अडखळली. किंचितच. दारात येऊन 'हेच का घर?' म्हणून माणूस थांबतं ना, तशी.

भिंगरीनं तोंड वर केलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

मी तिला दंडाला धरून फरफटत जिन्यात आणलं. दुसऱ्याच दिवशी तिच्या काकांकडे पाठवून दिली, लांब, रेल्वेनं. ती भांडली नाही. निघताना म्हणाली, "पुन्हा कोंडलंसच."

"हो," मी म्हटलं. "आणि पुन्हा कोंडेन."

७

शाईवालीची आई शर्ट न्यायला आली. दोन शर्ट राहिले होते माझ्याकडे.

ती बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसते. आयुष्य काचेच्या भोकातून बोलण्यात गेलेलं, त्यामुळे समोर काच नसली तरी मान वाकवून, हळू बोलते. मी शर्ट दिले. तिनं खिशावर बोट फिरवलं.

"डाग गेला वाटतं."

"खूप घासला."

"नसता काढला तरी चाललं असतं," ती म्हणाली. रागानं नाही. मला मात्र त्या क्षणी जमीन फाटली तर बरं असं झालं.

मग तिनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे ते मशीन आहे ना? विमानं दिसतात ते? त्या दिवशीचं दिसेल का मला? ती कुठून कुठून गेली?"

मी 'नाही' म्हणणार होते. पण पडदा चालूच होता आणि तिनं तो बघितला होता. नकाशावर आमच्या घराभोवती बांगडी उमटत होती.

"हे कोण?"

नाव मी विमान पडलं त्याच दिवशी पुसून टाकलं होतं. आता तिथे नुसता नंबर होता. तिला नंबर पाठ होता. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना असे सगळे नंबर पाठ होतात.

ती माझ्या बाजूनं गेली, जिना चढली, थेट गच्चीत. मी मागोमाग. सावली चादरींवरून येत होती. शाईवालीच्या आईनं ती बघितली, चादरीला हात लावला आणि सावली हातावरून जाऊ दिली.

"गार आहे," ती म्हणाली. आणि मग, अगदी खिडकीतून विचारावं तसं, "मी उद्या आले तर चालेल का?"

इथे मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी विचार केला. बांगड्या लहान होत चालल्यात. उंची उतरत चाललीय. जे काही वर आहे ते कुणालातरी शोधतंय आणि मला वाटत होतं, भिंगरीला शोधतंय. त्या दिवशी तिच्या जागी दुसरी गेली म्हणून शोधतंय. काकांचं घर लांब आहे, पण आभाळाला लांब काय? इथे कुणी बसलेलं असलं, तर ते इथेच फिरत राहील.

मी म्हटलं, "या की. केव्हाही या." आणि खालून खुर्ची आणून गच्चीच्या मधोमध ठेवली. वर उशी दिली पाठीला.

दुसऱ्यांदा दुसऱ्याचं माणूस पुढे केलं. या वेळी तर नावाचाही घोळ नव्हता.

८

ती रोज दुपारी यायची. कामाची वेळ बदलून घेतली होती तिनं. मी खाली असायची. वर गेलेच नाही. चादरी वाळल्या की तीच काढून, घड्या घालून जिन्यात ठेवायची. घड्या चांगल्या घालायची.

भिंगरीचा फोन यायचा.

"मावशी, दिसतं का अजून?"

"नाही," मी म्हणायची. "मशीन बंद केलंय."

"खरं?"

"तुझ्या गळ्याची शपथ." आणि नजर पडद्यावर.

कधीकधी वरून शाईवालीच्या आईचा आवाज यायचा. हळू. एकटं माणूस पुटपुटतं तसा नाही. बोलायची, थांबायची, मग पुन्हा बोलायची. मी इस्त्रीत पाणी जास्त घालायची, वाफेच्या आवाजात बाकीचं ऐकू येऊ नये म्हणून.

तिच्यात फरक पडत होता. गालांवर रंग आला होता. हे मला सुरुवातीला बरं वाटलं. म्हटलं, बघ, तिलाही सुख मिळतंय, कुणाचं काही बिघडत नाही. मग एकदा जिना उतरताना ती माझ्या अंगावरून गेली आणि तिच्या साडीला वास आला. तळ्याचा. शेवाळाचा.

डाग दिसला की तो कशाचा ते शोधणारी मी. मी काही विचारलं नाही. म्हटलं, "या उद्या."

मग ती दुपार आली. भिंगरीनं डबी लावताना आमच्या गच्चीची उंची मोजून मशीनमध्ये घातली होती, तो आकडा मला तोंडपाठ. पडद्यावर ठिपक्याशेजारी आता तोच आकडा होता. आणि वेगाच्या जागी शून्य. बांगडी उरलीच नव्हती. ठिपका आमच्या घराच्या चौकोनात बसला होता.

वरून बोलण्याचा आवाज येत नव्हता.

मी उभी राहिले. डोकं म्हणालं, हेच तर हवं होतं. मिळालं त्याला माणूस. आता जाईल. पोरगी सुटली. डोकं नेहमीसारखं बरोबर उत्तर काढत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो अर्धी घडी घातलेला शर्ट होता.

इस्त्री अभ्र्यावर तशीच टाकून मी जिन्याकडे धावले.

९

गच्चीत एक चादर हलत नव्हती. सावली जात-येत नव्हती. उभी होती, सगळ्या दोऱ्यांवर, फरशीवर, टाकीवर. आणि आता तिला कडा होत्या. वस्तू जितकी जवळ तितकी सावलीची कड धारदार, हे चादरी वाळवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. पंखाची कड माझ्या पायाशी होती. कात्रीनं कापल्यासारखी.

शाईवालीची आई खुर्चीत बसली होती. मान वर, हात मांडीवर, तळवे उघडे. जिवंत होती. मी वर बघितलं नाही. तिच्याकडेच बघत गेले.

"उठा," मी ओरडले. "उठा ताई, खाली चला."

"ओरडू नका," ती हळू म्हणाली.

"ती तुमच्यासाठी आलेली नाही! आमच्या पोरीसाठी आलीय. त्या दिवशी भिंगरीला ताप नव्हता. मी कोंडून ठेवली होती. मला दिसलं होतं सगळं आधी, या मशीनवर, पुन्हा पुन्हा, तळ्यापर्यंत. तुमची पोर सकाळी दुकानात आली, विमान तेच आहे म्हणाली आणि मी तिला शर्ट दिला. तोंडातून शब्द काढला नाही. आणि तुम्हाला इथे बसवलं तेही माझी पोर वाचावी म्हणून. आता कळलं ना? उठा. मला चार थोबाडीत मारा, पण खाली जाऊन मारा."

तिनं मान खाली केली. माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मान न वाकवता बोलली.

"मला माहितीये. पहिल्याच दिवशी कळलं."

"कुणी सांगितलं?"

तिनं हात पुढे करून माझं मनगट धरलं. हात ओला, गार होता आणि पकड तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईची नव्हती.

"तुमच्या पोरीला माझी पोर कशाला शोधेल? तुमच्या पोरीनं काय केलंय?" ती म्हणाली. "रोज येते आणि तुमच्याबद्दलच विचारते. काकू का नाही आल्या वर? मी किती दिवस सांगू, खाली कामात आहेत म्हणून?"

ती खुर्चीवर जरा सरकली. अर्धी खुर्ची मोकळी केली.

"बसा."

मी तोंडाची फटकळ. कुणाला काय उत्तर द्यायचं हे मला कधी शोधावं लागलं नाही. त्या वेळी एक शब्द नव्हता माझ्याजवळ, आणि जिला तो द्यायचा होता ती वाट बघत होती. खालून अभ्रा जळाल्याचा वास यायला लागला. जाऊन बघावं, असंही वाटलं नाही.

मी बसले. मनगट तिच्या हातातच होतं. चादरींवरची कड हळूहळू सरकून माझ्या मांडीवर आली.

"सांगते गं," मी म्हटलं आणि मान वर केली.